काळीची अकरा अंडी

पेटीच्या झाकणावर बाईंनी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता. शाळेत फळ्यावर लिहायच्या तसं ठळक, गोल अक्षर: ‘उघडू नये. कोणीही.’ ‘कोणीही’च्या खाली दोन रेघा. आणि एकविसाव्या दिवशी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, ती पेटी उघडली ती बाईंनीच.

घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होता, त्यांचे यजमान. सारी गल्ली त्यांना काका म्हणे. काका न्हाणीघरात दाढी करत होते आणि त्यांची दाढी म्हणजे पाऊण तासाचा कार्यक्रम. बाईंनी आवाजाचा अंदाज घेतला, झाकणावरची चिकटपट्टी अलगद उकलली, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली आत घातली आणि चारदा फवारा मारला. चौथ्या फवाऱ्याला बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. मेन बोर्डाकडून ‘खट्’ असा आवाज आला आणि घरातले सगळे पंखे एकदम दमले.

पेटी म्हणजे एक जुना छोटा फ्रिज, आडवा झोपवलेला. थंड करायचं विसरला म्हणून काकांनी त्याला गरम करायला शिकवलं होतं: आत दोन जुने बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची थाळी, ऊब ठरावीक ठेवणारा एक स्विच, आत बघायला झाकणात काचेची छोटी खिडकी आणि बाहेरून आकडा वाचता येईल असं तापमापक. आकडा सदतीस पूर्णांक सहाच्या आसपास राहायला हवा. वीस दिवस तो राहिला होता. वीस दिवस बाईंनी तासातासाला तो वहीत टिपला होता.

एवढी कदर कशासाठी, तर आत काळीची अंडी होती. काळी म्हणजे बाईंची कोंबडी. पिसं काळी, चोच काळी, पायसुद्धा काळे. बाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात ती कुठूनशी परसात आली आणि राहिली. बाईंच्या हाकेला ओ देणारं घरात तेवढं एकच होतं, असं बाई काकांच्या समोर म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी तिला कुत्र्यानं उचलून नेलं. मागं राहिली टोपलीतली चौदा अंडी. उजेडापुढं धरून पाहिली तेव्हा तीन रिकामी निघाली. उरली अकरा. काळी परत येणार नव्हती आणि तशी कोंबडी बाईंना आसपास कुठंही सापडली नव्हती. जे काही होतं ते या अकरांत होतं.

आदल्या संध्याकाळी एका अंड्याला पहिली चीर गेली होती. सकाळी आतून आवाज येऊ लागले, बारीक, चिडके. बाई आनंदानं अक्षरशः दोनदा नाचल्या. मग त्यांनी ओलाव्याचा काटा पाहिला. तो खाली आला होता. ओल कमी पडली की अंड्याच्या आतला पडदा वाळतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटतो, हे त्यांनी वाचलं होतं. अठराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही हेही त्यांनीच वाचलं होतं, आणि काकांना तीनदा वाचून दाखवलं होतं. पण अंड्यातलं पिल्लू ओरडत असताना पुस्तकाला कोण विचारतो?

“लाइट गेली काय गं?” न्हाणीघरातून काका ओरडले.

बाईंनी झाकण लावलं, चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली, बाटली कपाटामागं टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. “गेली वाटतं,” त्या म्हणाल्या.

काका अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर आले. मेन बोर्डाखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं समाधान पसरलं. “चोंबडा पडलाय!”

चोंबडा म्हणजे बोर्डातला एक विशिष्ट स्विच. करंट कुठं गळायला लागला, की तो आपण होऊन पडतो आणि सगळं घर बंद करतो. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या वायरमननं तो बसवा म्हणून सांगितलं तेव्हा काका म्हणाले होते, “तीस वर्षं छापखान्याची यंत्रं सांभाळली. मला वीज शिकवतोस?” मग काका बाहेरगावी गेले असताना बाईंनी तो बसवून घेतला. त्या दिवसापासून काका वायरमनशी बोलत नव्हते आणि त्या स्विचला चोंबडा म्हणत होते.

काकांनी खटका वर केला. खट्. पुन्हा वर. खट्. तिसऱ्यांदा अंगठ्यानं दाबून धरला, तरी खट्.

“छत्तीस पूर्णांक दोन!” मागच्या खोलीतून बाई ओरडल्या. “अहो, खाली चाललंय! आणि दुसऱ्या अंड्यालापण चीर गेलीय!”

वायरमनचा नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, चौथीतला. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत.

“त्याला कशाला?” काका म्हणाले.

“मग तुम्ही करा.”

काका फेस पुसायला आत गेले.

“बाई, मी एका गच्चीवर आहे, पंपाच्या कामात,” टेस्टर फोनवर म्हणाला. “काय झालं? आवाज का असा?”

“अरे, अंडी फुटतायत!”

“मग फडकं घ्या, पुसा. मी येऊन काय करू?”

“गाढवा, पिल्लं येतायत पिल्लं! पेटीची लाइट गेलीय. तासाभरात ऊब मिळाली नाही तर आतल्या आत मरतील.”

“पिल्लं? खरंच? किती?”

“अकरा!”

“निघालो. तोवर घरातले सगळे प्लग काढून ठेवा. सगळे. आणि बोर्डाला कुणी हात लावू नका. काकांना सांगा.”

बाईंनी घर पिंजून काढलं. फ्रिजचा प्लग काढला, टीव्हीचा काढला, मिक्सर, इस्त्री, गिझर, मोबाइलचा चार्जरसुद्धा. पेटीपाशी आल्या आणि थांबल्या. प्लग पेटीच्या मागं होता. तो काढला आणि तेवढ्यात लाइट आली तर? पहिल्या क्षणाची ऊब वाया जाणार. आणि मागं वाकायचं म्हणजे पेटी हलणार. त्यांनी हात मागं घेतला. पेटी काही मिक्सर नव्हती.

टेस्टर अकरा मिनिटांत आला. दारातच चपला उडवून तो सरळ मागच्या खोलीत शिरला आणि पेटीला कान लावून गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे मोठे झाले. “बाई! बोलतायत की आतून!”

“ऐकू येतंय ना? चौतीस पूर्णांक नऊवर आलंय. तू आधी बोर्ड बघ.”

“बोर्ड नंतर. आधी माणसं,” तो म्हणाला.

ही त्याची पद्धत होती आणि ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. तो आल्या आल्या पिशवी उघडत नसे. लाइट गेली त्या क्षणी घरातला प्रत्येक जण जिथं होता, तिथं त्याला पुन्हा उभा करत असे. लोक हसत, पण उभे राहत. दहातले सात दोष माणसाच्या पायाखालीच सापडतात, असं तो म्हणायचा.

काका न्हाणीघरात जाऊन उभे राहिले, हातात वस्तरा धरून, तोंड भिंतीकडं. बोलणं बंद असलं तरी त्यांनी उभं राहायला नकार दिला नव्हता.

“बाई, तुम्ही?”

बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. ओट्याशी, हातात पातेलं.

टेस्टरनं दोघांकडं पाहिलं. न्हाणीघराचा स्विचबोर्ड उघडला, कोरडा ठणठणीत. स्वयंपाकघराचा उघडला, तोही कोरडा. “सगळे प्लग काढलेत?”

“सगळे,” बाई म्हणाल्या.

“पेटीचा?”

“सगळे म्हटलं ना?”

बाईंनी सांगितलं म्हणजे झालंच. चौथीत याच बाईंनी त्याला, फुटलेली खिडकी कुणी फोडली ते खरं सांगेपर्यंत अख्खी मधली सुट्टी वर्गात बसवलं होतं. तो पेटीच्या मागं वाकला नाही. त्यानं खटका वर केला. खट्.

त्याचा चेहरा उतरला. “प्लग सगळे बाहेर आणि तरी पडतोय, म्हणजे भिंतीतली वायर. घर जुनं, सगळ्या घराची मिळून एकच लाइन. वेगवेगळ्या करून घ्या म्हणून चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं…” त्यानं न्हाणीघराच्या दिशेनं पाहिलं आणि वाक्य गिळलं. “आठ बोर्ड आहेत. एकेक उघडून शोधायचं. दोन तास तरी जातील.”

“दोन तास?” बाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. पेटीतून आता तीन वेगवेगळे आवाज येत होते, एकाहून एक तावातावानं. आकडा चौतीसावर होता. बाई धावल्या, गॅसवर पाणी तापवलं, दोन बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून पेटीच्या दोन्ही अंगांना लावल्या. आकडा हलला नाही. फ्रिजच्या भिंती बाहेरची थंडी जशी आत येऊ देत नाहीत, तशी ऊबही येऊ देत नव्हत्या.

“अरे, तो स्विच काढून डायरेक्ट करता येत नाही का?” बाई म्हणाल्या. “दहा मिनिटं? नुसती दहा मिनिटं!”

“नाही बाई.”

“का नाही?” काका न्हाणीघरातून बाहेर आले. चार वर्षांनी ते टेस्टरशी थेट बोलत होते आणि आवाज गल्लीत जाईल एवढा होता. “हा चोंबडाच खराब आहे! मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू नको करू, मी करतो!” त्यांनी स्टूल ओढलं, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि वर चढले. फळीवर त्यांनी आधीच तारेचा एक तुकडा सोलून ठेवलेला दिसत होता. सकाळपासून त्यांच्या मनात हेच होतं तर.

“काका, खाली उतरा,” टेस्टर शांतपणे म्हणाला. तो शांत बोलला की गल्लीतले लोक घाबरायचे. “हा उगीच पडत नाही. करंट कुठंतरी जातोय, जिथं जायला नको तिथं. हा मध्ये आहे म्हणून नुसती लाइट जाते. हा काढलात तर जाताना तो माणूस घेऊन जाईल.”

“कुठला माणूस? घरात आम्ही दोघंच!”

“त्या दोघांतलाच एक.”

काकांनी बोर्डाचं झाकण सोडवायला घेतलं. पहिला स्क्रू खाली पडला, टिंगटिंग करत फरशीवरून घरंगळत बाईंच्या पायाशी आला.

बाईंनी बोटाकडं पाहिलं. मुंगी चावलेल्या बोटाकडं. डायरेक्ट केलं की पेटी चालू होणार होती. पेटी चालू झाली की फवारा मारायला त्या पुन्हा झाकण उघडणार होत्या. स्वतःला त्या एवढं नक्की ओळखत होत्या.

त्यांनी पातेलं उचललं, ओट्यावर ठेवलं. स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, बैठकीच्या खोलीतून, स्टुलाच्या कडेनं, सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि पेटीपाशी उभ्या राहिल्या. कपाटामागून बाटली काढून हातात धरली.

“माझी जागा चुकली होती,” त्या म्हणाल्या. “मी इथं होते.”

टेस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, मग झाकणावरच्या कागदाकडं. दोन रेघांकडं जरा जास्त वेळ.

“आणि प्लग?”

“आहे. आतच आहे.”

तो पेटीमागं आडवा झाला आणि प्लग ओढला. “काका, खटका वर करा!”

काकांनी केला. तो राहिला. वरचा पंखा आळस दिल्यासारखा फिरू लागला.

स्टुलावरून काकांनी मान वळवली. वीस दिवस त्यांना पेटीपासून दोन हात लांब ठेवण्यात आलं होतं. “कोणीही,” ते म्हणाले. एवढंच.

“अहो, नंतर बोला हवं तेवढं! महिनाभर बोला!” बाई ओरडल्या. “टेस्टर, आता?”

झाकण उघडलं. दोष समोरच होता. बल्बाचा पितळी होल्डर थाळीच्या अगदी वर आणि फवारा थेट त्यात गेलेला. पाणी होल्डरमधून पत्र्याच्या पट्टीवर उतरलं होतं आणि पट्टीवरून खाली. “वायरिंग चोख आहे,” टेस्टर म्हणाला. “जोड बघा काय सुबक. नुसता पाऊस पडला त्याच्यावर.” हे त्यानं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. “होल्डर बदलतो, वर सरकवतो, त्यावर एक छत्री बसवतो. अर्धा तास. पण पेटी रिकामी करावी लागेल.”

“रिकामी? अंडी कुठं ठेवू?”

घरातले सगळे दिवे नव्या तऱ्हेचे, उजेड देणारे पण ऊब न देणारे. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. ती काकांवर येऊन थांबली. काका अंगानं गरम माणूस. हिवाळ्यातसुद्धा पांघरूण लाथाडून देणारे.

“अहो, झोपा.”

“काय?”

“पलंगावर. उताणे. बनियन वर करा.”

पुढचं एक मिनिट गल्लीत कुणी पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. काका पलंगावर उताणे, पोटावर मऊ पंचा, पंच्यात अकरा अंडी, दोन्ही कुशींना गरम पाण्याच्या बाटल्या, वर रजई. अर्ध्या गालावर दाढी तशीच राहिलेली. “श्वास हळू घ्या,” बाई म्हणाल्या.

“बंदच करतो ना,” काका म्हणाले.

टेस्टर पेटीत डोकं घालून कामाला लागला होता. “काका, ओला बल्ब गेलाय. ऊब देणारा जुना बल्ब आता दुकानात मिळत नाही.”

पलंगावरून खाकरल्याचा आवाज आला. “माळ्यावर. बिस्किटांच्या डब्यात. सात आहेत.” मग जरा थांबून, “हिनं भंगारात टाकायला काढले होते.”

बाई शिडीवर चढल्या. डबा खाली येईपर्यंत टेस्टरचा फोन दोनदा वाजला. “आत्ता नाही जमत,” तो म्हणाला, “इथं एक बाळंतपण चालू आहे. नाही, माझं नाही. काकांचं.”

“हसवू नको रे!” काका ओरडले. “पोट हलतंय!” आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, “अगं… अगं ए! काहीतरी ओलं लागलं!”

बाईंनी रजईचं टोक उचललं. अकरा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. एका अंड्याची टोपी बाजूला झाली होती आणि एक चिंब, वेडंवाकडं, लटपटणारं डोकं काकांच्या बेंबीवर विसावलं होतं. तपकिरी.

“आलं!” बाई किंचाळल्या. “आलं, आलं, आलं!” एरवी शिडीसारख्या ताठ असणाऱ्या त्या एकदम टेस्टरच्या पाठीवर थापा मारू लागल्या. टेस्टर हातात पक्कड घेऊन पलंगापाशी आला आणि तिघंही रजईखाली माना घालून बघत राहिले. दुसरं आलं, तेही तपकिरी. तिसरं पिवळसर, ठिपक्यांचं. शेजारच्या कोंबड्यावर गेलेलं, स्पष्टच.

अकरा चाळीसला पेटी सुरू झाली. नवा होल्डर, वर पत्र्याची छत्री, काकांचा बल्ब. आकडा भराभर चढला आणि बारा वाजता सदतीस पूर्णांक पाचवर स्थिरावला. खटका जागचा हलला नाही. एकेक पिल्लू, एकेक अंडं बाई ओंजळीतून पेटीत नेत होत्या. नेताना दर खेपेला त्या रंग बघत होत्या. तपकिरी. पिवळसर. तपकिरी. सव्वाबारापर्यंत दहा झाली. सगळी धडधाकट. एकही काळं नाही.

बाईंनी शेवटचं अंडं रजईखालीच कानाला लावलं. शांत. त्याला चीरसुद्धा नव्हती. “यात नसेल काही,” त्या म्हणाल्या आणि आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. “दहा म्हणजे पुष्कळ झाली. उठा तुम्ही. अंग आखडलं असेल.”

“नाही उठत,” काका म्हणाले.

“अहो…”

“मला टकटक लागतेय.”

“कुठं?”

“डाव्या कुशीला. मगाशी तीनदा लागली. आत्ता परत लागली. हे पेटीत नको, इथंच राहू दे.”

टेस्टरनं पिशवी आवरली होती. बोर्डाचं झाकण बसवायला तो स्टुलावर चढला. बाईंनी खाली पडलेला स्क्रू उचलून दिला. मग त्यानं पलंगाकडं पाहत, चेहरा अगदी सरळ ठेवून विचारलं, “काका, झाकण उघडंच आहे तर हा चोंबडा काढून टाकू का?”

“हात तर लाव!” काका गरजले, आणि लगेच पोटाकडं बघून आवाज खाली आणला. “हात तर लाव, म्हणतो. आणि त्या लाइनी वेगळ्या करायचं काय ते, उद्या ये. सकाळी. मी घरीच आहे.”

“तुम्ही कुठं जाणार,” टेस्टर म्हणाला, “बाळंतीण माणूस.”

त्याचा फोन पुन्हा वाजला. कुणाच्या तरी दुकानातली लाइट गेली होती. तो दाराशी चपला शोधत बोलत होता, “येतो, पाच मिनिटांत येतो. तोवर लाइट गेली तेव्हा कोण कुठं होतं ते आठवून ठेवा. खरं खरं. मोठ्या माणसांनीसुद्धा.”

“टेस्टर!” आतून बाईंची हाक आली. शाळेत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची, ती हाक.

तो एक चप्पल पायात, एक हातात, असाच धावत आत आला. बाई पलंगापाशी गुडघ्यांवर होत्या. काका श्वास धरून छताकडं बघत होते. डाव्या कुशीच्या घडीतल्या अंड्याला भोक पडलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्या भोकातून एक चोच बाहेर येत होती, आत जात होती, पुन्हा बाहेर येत होती.

“कुठल्या रंगाची?” काकांनी विचारलं. “सांगा की कुणीतरी! मला दिसत नाही!”

बाई आणखी खाली वाकल्या. चष्मा नाकावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही.

“काळी,” त्या म्हणाल्या. “अहो, काळी आहे. हलू नका.”